छिंदाच्या झाडांचा समुद्र

बालाघाटात समुद्र पाहायचा तर बाबूलाल नागदेवेच्या फोटो स्टुडिओतच जावं लागायचं. मागच्या भिंतीवर पडदा होता. निळं पाणी, पिवळी रेती, कोपऱ्यात दोन नारळाची झाडं. रंगवणारा पेंटर गोंदियाचा. त्यानं बापजन्मात समुद्र पाहिला नव्हता, आणि नारळ पाहिला तो फोडण्यापुरता. म्हणून झाडं काढताना त्यानं आपली लांजीच्या रस्त्यावर दिसतात ती छिंदाची, म्हणजे शिंदीची झाडं काढली आणि वर नारळ टांगले. पाणीसुद्धा पुरातल्या वैनगंगेसारखं गढूळ झालं होतं, ते बाबूलालनं भांडून निळं करून घेतलं. पण लोकांना काय त्याचं! लांजी, खैरलांजी, मलाजखंड, कुठलंही नवं जोडपं असो, त्या छिंदाखाली उभं राहिल्याशिवाय त्याचं लग्न पक्कं होत नसे. बाबूलाल कॅमेऱ्यामागून हुकूम सोडायचा, "हालू नका." आणि भलेभले श्वास रोखून धरायचे.

त्या पडद्यापुढं एकच बाई कधी उभी राहिली नाही. ती म्हणजे बाबूलालची बायको, जिजाबाई. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बिचारी वेणीफणी करून यायची, तेवढ्यात कोणी तरी गिऱ्हाईक टपकायचं, आणि ही पुन्हा चुलीपाशी. एकदा ती फारच मागे लागली तेव्हा बाबूलाल म्हणाला होता की या खोट्या पाण्यापुढं काय उभी राहतेस, तुझा फोटो खऱ्या समुद्रावर काढीन. वेळ मारून नेली गड्यानं. पण जिजाबाईनं ते मनात धरून ठेवलं.

आणि बघा, म्हातारपणी तो योग आला. मुलगी संघमित्रा, घरातली मित्रा, हैदराबादला नोकरीला. तिनं आईबाबांची आणि आपली अंदमानची तिकिटं काढली. होळी झाली की नागपूरहून विमान. जिजाबाईनं वॉर्डातल्या घराघरात जाऊन सांगितलं. वाळूत चालायला नव्या चपला घेतल्या. शेजारणींनी शंख-शिंपले आणायला सांगितले, तर तिनं सगळ्यांना हौ म्हटलं.

बाबूलालकडं एकच काम होतं, कॅमेऱ्याची बॅग भरायची. आयुष्यभर ज्यानं लग्नांच्या बॅगा भरल्या त्याला हे डाव्या हातचं काम. पण गडी पलंगावर सामान मांडून बसायचा, बॅगेत भरायचा, काढायचा, पुन्हा भरायचा. जिजाबाईला वाटावं की याला झालंय तरी काय.

झालं होतं ते असं. मागच्या लगनसराईपासून त्याचा उजवा हात हालत होता. आधी अंगठा, मग सगळा पंजा. खैरलांजीच्या एका लग्नात नवरीनं हार घातला आणि याचं बोट बटनावर पोचेपर्यंत टाळ्या वाजून गेल्या. तिथं त्यानं कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. घरी आल्यावर मात्र हात मांडीखाली दाबून बसला. तेव्हापासून वयाचं निमित्त सांगून लग्नाच्या ऑर्डरी परत केल्या. घरात हात खिशात, खिशात मूठ. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. याच्या मुठीत सव्वा लाख नव्हते, बायकोचा समुद्र होता.

कारण हे उघडं पडलं तर काय होईल ते त्याला ठाऊक होतं. मित्रा तिकिटं रद्द करील, बापाला नागपूरच्या डॉक्टरपुढं नेऊन बसवील. आणि जिजा? ती तर स्वतःच म्हणेल की आग लागो त्या समुद्राला. रडणारसुद्धा नाही, आणि तेच त्याला सोसवणार नव्हतं. म्हणून त्यानं ठरवलं होतं, आधी जिजाचा फोटो, मग दवाखाना.

पण फोटो काढायचा कशानं? मोठा कॅमेरा लांब लेन्स लावून त्यानं गच्चीवर नेला. जिजाबाई पापड वाळत घालत होती. लेन्समधून पाहिलं तर ती या टोकावरून त्या टोकाला पळत होती, जागची हलली नव्हती तरी. तो बाजूला ठेवला. छोटा कॅमेरा घेतला, तर त्याचं बटन मसुरीच्या दाण्याएवढं, बोट तिथं टिकेना. मोबाइल घेतला, तर एका फोटोच्या जागी आठ निघाले आणि त्यात आभाळ जास्त, जिजा कमी. मित्रा म्हणायची, बाबा, आजकाल सगळे मोबाइलवरच काढतात. काढोत बापडे, त्यांचे हात धड आहेत.

एकच वस्तू त्याला वाचवू शकत होती, ती म्हणजे स्टँड. तीन पायांचा, जुना, वजनदार. त्यावर कॅमेरा ठेवायचा, चौकट सावकाश धरायची आणि हात मागं बांधून टायमरची वाट पाहायची. पण स्टँड लागतो तो कमी उजेडात, समुद्रावरच्या लख्ख उन्हात स्टँड? या माणसानं जन्मभर दुसऱ्या फोटोग्राफरांची टर उडवली होती की उन्हात स्टँड लावणारा आणि वरण-भात चमच्यानं खाणारा एकाच माळेचे मणी. मित्रा हे ऐकतच स्टुडिओत लहानाची मोठी झाली. स्टँड पाहिला की ती पहिला सवाल टाकणार, बाबा, उन्हात स्टँड काहून? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. त्यानं स्टँड टॉवेलमध्ये गुंडाळून जिजाबाईच्या साड्यांखाली दडवला. मग काढला. मग पुन्हा दडवला. तिनं एकदा पाहिलंच, तेव्हा तो म्हणाला, सूर्य बुडतानाच्या फोटोला लागतो. ती नुसतं हौ म्हणाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मित्राचा फोन आला. फोन स्पीकरवर, जिजाबाई बॅगेपाशी, बाबूलाल हातात स्टँड घेऊन उभा. मित्रा अर्धी हिंदीत, अर्धी मराठीत सूचना देत होती. सोबत ठेवायच्या बॅगेत जास्त वजन नको, विमानतळावर उतरवून घेतात. लाइन तुटत होती. शेवटी तिनं विचारलं, "बाबा, हातातलं हलकं ना?"

बाबूलालला ऐकू आलं, बाबा, हात हालते ना?

महिनोन्‌महिने ज्या प्रश्नाची धास्ती घेतली होती, तोच त्याच्या कानात शिरला.

"तुले कोनं सांगतलं?" तो म्हणाला.

"क्या, बाबा?"

"हात हालते म्हणून."

बाबूलालला मग कळलं की आपण काय करून बसलो. पोरीनं बॅग विचारली होती, यानं हात दिला. तिनं हळूच विचारलं, कब से? तो म्हणाला थंडीनं हालते. होळी होऊन गेली होती, डोक्यावर पंखा फिरत होता. मित्रा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "पहले नागपुर, बाबा. अंदमान बाद में."

ज्या बापानं कधी पोरीपुढं आपला शब्द खाली पडू दिला नाही, तो गयावया करू लागला. "चार दिवसाची तर गोठ हाय, मित्रा. तुह्या आईले समुद्र पाहू दे. मंग मले कुठंबी ने." उत्तराऐवजी तिकडून रडणं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

बाबूलालची जिजाबाईकडं पाहायची हिंमत होईना. पाहिलं तेव्हा ती बॅगेतून साड्या काढून पलंगावर ठेवत होती. नव्या चपला तिनं डब्यात घालून डबा बंद केला.

"अर्धाच कप चहा काहून भेटते तुमाले?" तिनं विचारलं.

त्याला वाटायचं साखरेच्या पथ्यासाठी.

"सांडू नये म्हणून," ती म्हणाली. "मले मालूम होतं. पन मलेबी जाचं होतं. म्हणून मीबी बोलली नाही." हे बोलताना तिनं मान खाली घातली, जणू चूक तिचीच. बाबूलालला तिची समजूत घालता येईना आणि माफीही मागता येईना. दोघंही एकाच समुद्रासाठी एकमेकांशी खोटं वागले होते, आणि समुद्र काही मिळाला नव्हता.

थोड्या वेळानं तिनं घडी केलेली एक साडी उलगडून नेसली, स्टँड उचलला आणि समोरच्या स्टुडिओत गेली. हल्ली तिथं पासपोर्टचे फोटोच तेवढे निघत. पडदा गुंडाळून ठेवला होता. तिनं दोरी सोडली तसा तो खाली आला, रंगाचे पोपडे उडालेला. जिजाबाई छिंदाखाली उभी राहिली आणि पदर सारखा केला.

बाबूलालनं कॅमेरा स्टँडवर चढवला. स्क्रू बसता बसेना, तिनं पुढं येऊन बसवला आणि परत जागेवर गेली. टायमरचं बारीक बटन त्याला दाबता आलं नाही. मग त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि बोट शटरकडं नेलं. बोट घसरलं. पुन्हा नेलं, पुन्हा घसरलं. चौकटीत जिजा स्पष्ट दिसत होती, केसातली पांढरी रेघसुद्धा. गिऱ्हाइकांपुढं हयातभर म्हटलेला शब्द सवयीनं त्याच्या तोंडून निघाला, "हालू नको."

"मी नाही हालत," जिजाबाई म्हणाली. "तुमचं होऊ द्या."

आणि ती तशीच उभी राहिली.