लसूणकाकांचं नाक

लसूणकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. कोंबड्यांच्या शेडला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत रोज सकाळी ते लसूण ठेचत. त्यात हळद, ओवा, शेवग्याचा वाळलेला पाला घालून सगळं कोंबड्यांच्या भरड्यात कालवत. लस टोचायला डॉक्टर होताच. "रोगाचं तुम्ही बघा, भुकेचं मी बघतो," असं काका त्याला सांगत. पाल्याने बलक असा केशरी होई की गिऱ्हाइकं विचारत, "अंडी रंगवता की काय?"

माप असं नव्हतंच. मूठभर कालवण नाकाशी न्यायचं. लसूण नाकाला कळला पाहिजे, डोळ्यांना नाही.

हे शहाणपण ठेच लागूनच आलं होतं. तरुणपणी एका थंडीत कोंबड्या मलूल झाल्या. थोड्याने गुण येतो तर जास्तीने जास्त येईल, म्हणून या पठ्ठ्याने लसणाचा मारा केला. कोंबड्यांनी मुकाट्याने खाल्लं. बोंब झाली ती अंडी जायची त्या बेकरीत. बेकरीवाला केकचा तुकडा घेऊनच दारात हजर. "काय लसूणराव, केकला फोडणी दिलीत?" दोघं पोट धरधरून हसले, आणि नाव चिकटलं ते कायमचं.

काकू मात्र हसल्या नाहीत. "आधी हात, मग माणसात," म्हणत रोज संध्याकाळी त्या अर्धं लिंबू काकांच्या हातांवर चोळत आणि नाक मुरडत. काय दिवस होते ते! शेड गच्च भरलेलं, बेकरीवाला शिट्टी वाजवत ट्रे उचलतोय, आणि घरात लिंबाचा वास.

आता बेकरीवाल्याचेही केस पिकले होते. गेल्या आठवड्यात तो आला आणि खाली बघत म्हणाला, "काका, अंड्यांना पुन्हा वास येतोय. मुलगा म्हणतो, दुसरीकडून घेऊ."

या वेळी कुणी हसलं नाही. काकांना कारण ठाऊक होतं. मागच्या तापात त्यांचं नाक गेलं होतं. अंदाजाने लसूण घालत होते आणि कुणाला कळू देत नव्हते. बाजारात कोंबड्यांच्या औषधाच्या तयार पुड्या मिळत होत्या, मापाच्या चमच्यासकट. कोंबड्यांचं त्यावर भागलं असतं. पण मग सकाळी उठून आपण करायचं काय?

दुसऱ्या दिवशी ते घमेल्यापुढे नुसतेच बसून राहिले. जन्मात त्या खोलीत पाऊल न टाकलेल्या काकू दारात आल्या.

"वास येत नाही ना तुम्हाला?"

"कुणी सांगितलं?"

"अहो, परवा तुमच्या शेजारी दूध करपलं, आणि तुम्ही खुशाल पेपर वाचताय! सरका तिकडे."

काकूंनी मूठभर कालवण नाकाशी नेलं. "आई गं! डोळ्यांत पाणी आलं. भरडा घाला अजून." काकांनी घातला. "अजून. हं, आता पहिल्यासारखं."

"पहिल्यासारखं म्हणजे कसं, तुला काय माहीत?"

"जन्मभर उशाशी घेऊन झोपले की!"

काही दिवसांनी बेकरीवाल्याने एक अंडं फोडून हुंगलं, ट्रे उचलले आणि शिट्टी वाजवत गेला.

त्या संध्याकाळी काकूंनी नेहमीसारखं लिंबू चोळलं. काकांना ना लसणाचा वास येत होता, ना लिंबाचा.

"गेला का गं?" त्यांनी विचारलं.

काकूंनी त्यांचा हात नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि लिंबू बाजूला ठेवून दिलं.