मावळतीचा झरोका

आमच्या घरात मोठी गोष्ट ठरवायची म्हणजे गावच्या देवीचा कौल लागे. आक्काचं लग्न कौलावर ठरलं. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, शेती धाकट्या भावाकडे सोपवून कॅसलरॉकच्या स्टेशनाबाहेर दुकान घातलं, तेही कौल घेऊनच. त्यामुळे मी विलायतेला जावं की जाऊ नये हा प्रश्न चुलीपाशी निघाला, तेव्हा आप्पा दोन वाक्यांत मोकळे झाले. "देवीला विचारू या की. आपुन कोण ठरवणार?"

मला राग आला. मला राग पटकन येतो, अजूनही येतो. मुंबईला एवढी वर्षं राहून मी वास्तुकला शिकून आलो होतो. आमच्या गुरुजींनी खटपट करून लंडनच्या एका विद्यालयात पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळवली होती, शिष्यवृत्तीही मिळवली होती. मी फक्त हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि तेही लवकर, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि ते ठरवणार कोण, तर दगडाला चिकटवलेल्या दोन पाकळ्या!

"घरं बांधायला शिकायचं म्हणून समुद्रापार?" आप्पा हसत म्हणाले. "हितं लोक काय झाडावर राहत्यात व्हय रे?"

अव्वा, म्हणजे माझी आई, चुलीपुढे होती. ती भाकरी थापत राहिली. तिचं माहेर दिग्गीचं, ऐन रानातलं. कॅसलरॉकच्या पुढे आगगाडी जाते कुठे, हे तिने कधी विचारलं नव्हतं. पण मी मुंबईहून यायचा असलो की स्टेशनावर सगळ्यांच्या आधी तीच उभी असे.

खरं सांगायचं तर माझा राग आप्पांवर नव्हता. मला जायचं होतं, फार जायचं होतं. आणि तितकीच भीतीही वाटत होती. हुबळीला रेल्वेत नकाशे काढायची नोकरी मिळत होती, घरापासून जवळ. आक्का सासरी गेलेली, घरात ही दोघंच. गेलो आणि इथे काही बरंवाईट झालं, तर बोटीवरून पोचायला किती दिवस लागतील? सकाळी उठलो की जायचं ठरे, जेवून उठलो की राहायचं ठरे. स्वतःचाच वैताग आला होता.

आता त्या देवळाचं सांगतो. मुंबईच्या विद्यालयात असताना आम्हाला एखाद्या जुन्या इमारतीचं मोजमाप घेऊन तिचा नकाशा काढायला सांगितलं होतं. बरोबरच्या मुलांनी मोठमोठे राजवाडे, मशिदी निवडल्या. मी हट्टाने आमच्या देवीचं मातीच्या भिंतींचं, कौलारू देऊळ निवडलं. सगळे हसले. पण गुरुजींना तोच नकाशा आवडला आणि तोच त्यांनी लंडनला पाठवला.

ती मापं घेताना सुट्टीभर मी गाभाऱ्याच्या दाराशी बसून असायचो. आमच्या देवीचं तोंड उत्तरेला. तिच्या उजव्या हाताला उगवतीच्या भिंतीत एक झरोका आणि डाव्या हाताला मावळतीच्या भिंतीत दुसरा. कौल लावताना गुरव दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे सकाळी वारा उगवतीकडून येतो आणि दुपार कलली की दूधसागराच्या दरीतून, समुद्राकडचा वर चढतो. म्हणजे सकाळी उजवी पाकळी आधी वाळून पडते आणि दुपारनंतर डावी. बसल्या बसल्या मी कितीतरी कौल पाहिले. माझा अंदाज क्वचितच चुकला असेल.

मोठा शोध लावल्यासारखा मी धावत घरी येऊन अव्वाला सांगितलं, "अव्वा, कौल देवी देत न्हाई, वारा देतोय!"

"गप!" ती म्हणाली. "पुन्हा असलं बोललास तर तोंडावर उलथनं हाणीन." तो विषय तिथेच मिटला.

तर चुलीपाशी आप्पांनी विचारलं, "कवा जायाचं देवळात? सकाळी का जेवून?"

आप्पांनी सहज विचारलं होतं. पण देवीवर ढकललेली गोष्ट फिरून माझ्याच पदरात पडली. मी आप्पांकडे पाहिलं, अव्वाकडे पाहायचं टाळलं आणि म्हणालो, "सकाळी."

अव्वाने तव्यावरची भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच आंघोळ करून तयार. आप्पाही पटका बांधून बसले. अव्वाचं मात्र काही उरकेना. आधी दूध उतू गेलं, म्हणून चूल पुन्हा सारवायला घेतली. मग देवीच्या ओटीचा नारळ तिला पसंत पडेना, कानाशी हलवून बघे आणि परत ठेवी. अखेर निघालो, तर वाट रानात शिरल्यावर तिला आठवलं की वासरू बांधलेलं नाही. परत घरी. वासरू दाव्याला मजेत रवंथ करत होतं.

"अव्वा, आज जायचं हाय का पुढच्या जत्रंला?" मी ओरडलो.

"देवी कुठं पळून चाललीया व्हय?" ती थंडपणे म्हणाली.

पुन्हा निघालो. वाटेत तिची एक मावसबहीण भेटली आणि दोघी आंब्याखाली बसून बोलत राहिल्या. ऊन डोक्यावर आलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या त्या फुशारकीतला शब्द न शब्द हिने लक्षात ठेवला होता, आणि पायाखालची वाट मुंगीसारखी चालून ही मला मावळतीच्या वाऱ्यात नेऊन उभं करणार होती. मला संताप आला. आणि लगेच वाटलं, नेऊ दे. नकार आला तर निदान भीती तरी संपेल. पण तसं वाटताच मी त्या दोघांकडे न बघता पुढे पुढेच चालत राहिलो.

देवळात पोचलो तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. काकांच्या घरची माणसंही आली. गुरवमामांनी पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, तुझं लेकरू समुद्रापार शिकायला जावं म्हणतंय. जावं असं असंल तर उजवा दे, जाऊ नये असं असंल तर डावा दे."

सगळे हात जोडून बसले. मावळतीच्या झरोक्यातून वारा येतच होता. समईची ज्योत उगवतीकडे वाकली होती. मी डाव्या पाकळीकडे पाहत होतो. तिची कड सुटली, मग थोडी वर वळली. आता पडेल, मग पडेल. माझं तोंड कसं झालं होतं कुणास ठाऊक, पण शेजारी बसलेल्या अव्वाने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि बाहेर गेली.

थोड्याच वेळात गाभाऱ्यात मावळतीच्या बाजूने अंधार झाला. समईची ज्योत सरळ उभी राहिली.

"कोण हाय गं भाईर?" गुरवमामा ओरडले. "झरोक्यातला उजेड आडलाय की!"

"मी हाय," भिंतीपलीकडून अव्वाचा आवाज आला. "पाठ टेकलीया जरा. चालून चालून पाय गेल्यात माझं."

"वैनी, बाजूला टेका की!" मामा म्हणाले.

"हितंच बरं वाटतंय. उजेड कशाला लागतोय देवीला?"

माणसं हसली. मला हसू येईना. झरोका तिच्या हिरव्या लुगड्याने गच्च भरला होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. ती हलली नाही. आणि मग उजवी पाकळी अलगद सुटून देवीच्या पायाशी पडली.

आप्पांनी डोळे पुसले. "दिलान! उजवा दिलान!" मग लगेच त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मामा, आणिक एक लावा. परत येतोय का न्हाई, तेबी विचारा."

गुरवमामांनी पाकळ्या भिजवायला घेतल्या. तोवर अव्वा फिरून दारात आली होती. झरोक्याच्या कडेची माती तिच्या पाठीला लागलेली होती.

"ते देवीला इचारायचं न्हाई," ती म्हणाली. "ते ह्यालाच इचारायचं." आणि माझ्याकडे वळली. "येणार हाईस न्हवं?"

झरोके नाहीत, वारा नाही, पाकळ्या नाहीत. सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं.

"व्हय," मी म्हणालो.

"झालं तर," अव्वा म्हणाली आणि ओटीचं ताट उचलायला वाकली.

विलायतेत शिक्षण संपल्यावर मला तिथेच राहायचा आग्रह झाला. काम चांगलं होतं, माणसंही चांगली होती. मित्र म्हणाले, नीट विचार कर, घाई नको. मी म्हटलं, विचारणाऱ्याने मला आधीच विचारलंय. त्यांना ते कळलं नाही आणि मीही सांगत बसलो नाही.

मी परतलो त्या दिवशी गाडी घाटाखालीच रखडली आणि कॅसलरॉकला पोचेपर्यंत ऊन कललं. फलाटावर सगळ्यांच्या पुढे अव्वा उभी होती. केस पांढरे झालेले, लुगडं हिरवंच. मी वाकून पाया पडलो. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "उशीर केलास."

"तुझ्याकडनंच शिकलोय की," मी म्हणालो.