मनिरामशी अर्धा राहिलेला वाद

मनिराम गेल्याचं मला आमगावच्या बाजारात कळलं. "तुमचा तो वादवाला गेला ना," ओळखीचा भाजीवाला म्हणाला आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळला. मी तसाच उभा... भोवती माणसं बोलत होती, बैलांची घुंगरं वाजत होती, आणि सगळं पाण्याखालून ऐकू आल्यासारखं वाटत होतं.

गोंदियाकडच्या एका विडी कारखान्यात आम्ही दोघं शेजारी बसायचो. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. दुपारी कौलांच्या फटींतून उन्हाचे पट्टे उतरत आणि त्यांत तंबाखूची धूळ इतकी सावकाश तरंगे की डोळे मिटू लागत. झोप उडवायलाच वाद सुरू झाले, असं जुनी माणसं सांगत. एकजण वर्तमानपत्र वाचे आणि मग जुंपे... स्वराज्य आधी की सुधारणा, मुलींना शिकवावं का, मालकाला देशभक्त म्हणावं का. नियम एकच होता. बोलणाऱ्याचे हात थांबतात, म्हणून त्याचं बोलणं संपेपर्यंत त्याच्या वाट्याच्या विड्या विरुद्ध बाजूनं बोलणाऱ्यानं वळायच्या. मी लांबड लावली की भुर्दंड मनिरामला. पण रागानं त्यानं कधी सैल विडी वळली नाही. माझ्यापेक्षा त्याच्याच चांगल्या असत, हे आज कबूल करतो.

मनिराम महार होता. कारखान्यातल्या माठाला त्यानं हात लावायचा नाही. कुणीतरी वरून ओतायचं आणि त्यानं ओंजळ धरायची. एक दिवस त्यानंच विषय काढला, माठ सगळ्यांना खुला असावा की नाही. विरुद्ध बाजूनं कुणी उठेना. मी उठलो. मला बोलायची खाज होती, दुसरं काही नाही. "घाई कायले करता बाप्पा? लोकायचं मन बदलन, तवा माठ आपोआप खुला होईन. वेळ येऊ द्या!" माना डोलल्या, तसा मला चेव चढला. मी बोलत राहिलो आणि तो मान खाली घालून माझ्या विड्या वळत राहिला. त्याची पाळी येण्याआधीच जेवणाची सुट्टी झाली. त्यानं माठापाशी जाऊन ओंजळ धरली, तर पाणी देणारा म्हणाला, "वेळ येऊ दे ना गा!" सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवसापासून तो घरून वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी आणू लागला. उन्हाळ्यात तुंबा लवकर रिकामा होई, ओठ सुकत, पण माठाकडे तो पुन्हा फिरकला नाही. माझ्याशी वाद मात्र पूर्वीसारखाच घालायचा, हसतखेळत. मी उगाच बोललो होतो, हे त्याला सांगायचं मी दहादा ठरवलं. नाही सांगितलं. अहंकार, आळस... काय म्हणावं त्याला.

बाजारातून थेट त्याच्या घरी गेलो. अंगणात त्याची मुलगी सगुणा होती, चार इयत्ता शिकलेली. माझं नाव ऐकताच म्हणाली, "तुमी होय! तुमचं सारं बोलणं पाठ हाये मले." रोज संध्याकाळी मनिराम घरी माझी बाजू घ्यायचा म्हणे. माझे शब्द, माझा आव, सगळं हुबेहूब. आणि मुलीला उत्तर द्यायला लावायचा. तिनं एक मुद्दा खोडला की माझ्या वतीनं त्याहून चांगला शोधून आणायचा.

"मी रडकुंडीले येत होती," ती म्हणाली. "मंग बाबा म्हणत, बाहेर हाच माणूस भेटन तुले. तो वाईट नाई, म्हणूनच कठीण हाये."

मी विचारलंच, "मंग माठाचं काय उत्तर देल्लं तू?"

"वेळ येऊ द्या म्हणत होते तुमी. पण काका, तवा तुमचे हात तं रिकामेच होते ना? काम तं बाबाच करून राहिले होते तुमचं."

मनिराम, मी हरलो रे. उद्या कारखान्यात माठातून पेला भरून तिथं कामाला येणाऱ्या तुझ्या वस्तीतल्या माणसांच्या हाती मी स्वतः देणार आहे. तुला मात्र तो कधीच देता येणार नाही.