न पेटणारी बॅटरी

माझ्या आत्याच्या यजमानांइतका आगीचा धसका घेतलेला आणि तरीही रोज आगीच्या वाटेला जाणारा माणूस सातारा-सांगलीत दुसरा झाला नसेल. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. सत्तरच्या दशकात ते सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि माधवनगरला राहत. लग्नाच्या पंगतीतही शेजारच्याला विचारत, "लिथियम ठाऊक हाय का?" तो बिचारा वाढप्याकडे बघे आणि मामा त्याची आमटी गार होईपर्यंत समजावत राहत.

पुन्हा पुन्हा भरता येईल अशी लिथियमची हलकी बॅटरी करायची, हा त्यांचा ध्यास. पहिली त्यांनी घरच्या मागच्या खोलीत केली. ती भरताना लिथियमच्या पट्टीवर सुईसारखे काटे उगवले, पलीकडच्या पट्टीला टेकले आणि भडका उडाला. मामांना मागे ओढायला धावलेल्या आत्याचा हात पोळला. माझे वडील तेव्हा फौजेतून सुट्टीवर आले होते. म्हणाले, "दाजी, आता बास. न्हाईतर बहिणीला मी साताऱ्याला नेतो." मामांनी मान खाली घातली. आत्याचा हात बरा होईपर्यंत भाकरी त्यांनीच थापल्या. त्या बघून म्हैससुद्धा विचारात पडे.

डोकं मात्र थांबलं नव्हतं. धातूची पट्टीच नको, लिथियम ग्राफाईटच्या थरांत ठेवायचं, म्हणजे काटे उगवणार नाहीत, असं त्यांच्या मनानं घेतलं. "पुस्तकात मोरपीस ठेवतो, तसं!" ग्राफाईट म्हणजे शिसपेन्सिलीतलं शिसं. मग घरात पेन्सिल टिकेना. पोस्टमन आपली पेन्सिल सुतळीनं मनगटाला बांधून येऊ लागला. पण बॅटरीतल्या द्रावणानं थर सुटत आणि शिशाचा भुगा होई. मामा तरी आनंदानं ओरडत, "मोडली, पर पेटली न्हाई!"

भडक्यानंतर आत्या त्या खोलीत गेली नव्हती. एका रविवारी आपणहून आली. "दावा मला." मामांनी बॅटरीची डबी तारांनी जोडली, तसा टॉर्चचा बल्ब मिणमिणला. तिनं ती डबी पोळलेल्या हातात उचलली, तसा मामांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ठेव गं खाली!"

"का वं? गरमबी न्हाई झाली."

तेवढ्यात बल्ब विझला. मामा पुटपुटले, "गेली."

"जाऊ द्या. परत भरा की."

वडिलांनी साताऱ्याचा विषय पुन्हा काढला नाही. मामांची बॅटरी काही बाजारात आली नाही. बऱ्याच वर्षांनी परदेशात कुणी तसल्याच थरांची बॅटरी करून विकायला काढली, तेव्हा मामा नव्हते. ती बातमी मी आत्याला वाचून दाखवली.

"त्यास्नी लय आनंद झाला असता," ती म्हणाली. मग डोळे पुसत हसली. "आधी 'ही माझीच' म्हणून थोडं भांडले असते, पर लय आनंद झाला असता."