तिघी बहिणींशी जमवून घेणारे इंगळे सर

सुधाकरराव इंगळे सरांची नि माझी पहिली भेट खामगावात, कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात झाली; तिथलं कॉम्प्युटरचं काम सर पाहत. मी प्राचार्यांशी भांडून कॉलेज अर्ध्यावर सोडलं होतं आणि तिथे वजनकाट्यावर कामाला लागलो होतो. सरांनी कारण विचारलं नाही. "डीबेस येते काय?" एवढंच म्हणाले. येत नाही म्हटल्यावर म्हणाले, "मंग वऱ्हाडीत सांग. कापसाची गाडी आली का आपून काय काय करतो?" मी सांगत गेलो, ते तेच कॉम्प्युटरच्या डीबेस भाषेत लिहीत गेले. त्यांची शिकवायची रीत आजही हीच आहे.

डीबेसनंतर सरांनी क्लिपर आपलंसं केलं, आणि ज्या वयात माणसं पेन्शनच्या गोष्टी बोलतात त्या वयात ते फॉक्सप्रो शिकायला बसले. "तिघी बहिणीच हायेत बे," ते म्हणतात, "पण एकीच्या घरची सवय दुसरीच्या घरी चालत नाही."

गेल्या हंगामात याचा प्रत्यय आला. अमडापूरचे नामदेवराव कापूस घेऊन आले होते. खरं तर मला पाहायला आले होते. लग्न करीन तर तुमच्याच मुलीशी, असं मी त्यांच्या दारात उभा राहून, जरा मोठ्यानेच, सांगून आलो होतो. मी ऐटीत त्यांचं नाव टाइप केलं. कॉम्प्युटर म्हणाला, असं नाव नाही. पुन्हा टाकलं. नाहीच.

"सकाळीच तं नोंदवलं," नामदेवराव म्हणाले. "तुह्या डब्ब्याले मी दिसत नाही, अन् तुले माही पोरगी पाह्यजे?"

ऑफिस हसलं. मी कीबोर्ड उचलून आपटणारच होतो.

"बस खाली," सर म्हणाले. "राग केल्यानं नाव सापडते काय?" मग जिनिंगच्या मालकाच्या, शेठच्या देखत त्यांनी नामदेवरावांना हात जोडले. "चूक माही हाये, भाऊ. सकाळची नावं मी फॉक्सप्रोतून भरली. फाईल दोघींची एकच, पण हा क्लिपरात हुडकते, अन् नाव हुडकाची इंडेक्स, म्हंजे नावाची यादी, क्लिपरची येगळी. ते नवी कराची राह्यली."

सरांनी इंडेक्स नवी केली. नामदेवराव वाकून स्क्रीनवर आलेलं स्वतःचं नाव बराच वेळ पाहत राहिले. निघताना म्हणाले, "साहेब, पोरगं तापट हाये. तुमचा हात याच्या डोक्यावर हाये, तवरक माही पोरगी याच्या घरी."

लग्न येत्या वैशाखात आहे. सरांच्या साठीनिमित्त सगळेच त्यांना दीर्घायुष्य चिंततील. पण सरांनी शंभरी ओलांडावी, डोळे-गुडघे शाबूत ठेवून ओलांडावी, यात माझा अख्खा संसार गुंतला आहे. इतर शुभेच्छुकांनी हे ध्यानात घेऊन मला रांगेत पुढे उभं राहू द्यावं.