बाहेरून कडी

आमच्या खोडरबर सरांच्या खिशात पेन कधी दिसलं नाही, खोडरबर मात्र कायम. सही करायची वेळ आली की माझ्या टेबलावरचं पेन उचलायचे आणि तेच खिशात घालून चालू पडायचे. मूळचे मंगळवेढ्याचे, शिकवायचे फिजिक्स. खरं नाव मस्टरपुरतं. पोरांनी ठेवलेलं नाव प्राचार्यांच्याही तोंडी बसलं होतं. सोलापुरातल्या त्या कॉलेजात मी टायपिस्ट होते, तीही हंगामी. दर सहा महिन्यांनी नवा हुकूम यायचा आणि तो हातात पडेपर्यंत जीव टांगणीला.

एकोणीसशे एकोणऐंशी साल असेल. संस्थेच्या अध्यक्षांनी, म्हणजे अण्णांनी, मुंबईहून टेबलावर मावणारा एक कॉम्प्युटर आणला. गावात कुणाकडे नाही ते आपल्याकडे पाहिजे, दुसरं काय! सरांना पंधरा दिवस मुंबईला शिकायला पाठवलं आणि आल्यावर कोपऱ्यातली एक खोली दिली. धूळ नको म्हणून खिडक्या खिळे ठोकून बंद. चोरी नको म्हणून सर आत गेले की शिपाई बाहेरून कडी घालायचा. अहो, माणूस आत असताना बाहेरून कडी घालतात का कुठं? पण अण्णांचा हुकूम, बोलायचं कुणी? माझं टेबल त्या दाराशेजारीच. आतून दोन ठोके आले की मी उठून कडी काढायची. सर घामानं निथळत बाहेर यायचे, माठातलं पाणी घटाघटा प्यायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमी नसता तर मी आतच वाळलो असतो की."

"आधी पुसा, मग शिव्या द्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कॉम्प्युटर अडला की अण्णांचा भाचा त्याच्या सात पिढ्या काढायचा. सर झाकण उघडायचे, आतली पट्टी ओढून काढायचे आणि तिच्या कडेचे सोनेरी दात खोडरबरनं हलक्या हातानं घासायचे. पट्टी परत नीट दाबून बसवली की निम्म्या वेळा गाडी सुरू. माझ्या टाइपरायटरची अक्षरं भरलेली उमटतात म्हणून प्राचार्य एकदा माझ्यावर डाफरले, तेव्हा सरांनी त्यांनाही हेच ऐकवलं. बाई ग, काय खूश झाले होते मी त्या दिवशी!

त्या यंत्राची मेमरी मात्र चिमूटभर. एका वर्गाचे मार्क घातले की जागा संपली. दुसरा वर्ग घ्यायलाच तयार नाही. अण्णा म्हणाले, मोठी मेमरी आणा. सरांनी कोणती आणायची ते चिठ्ठीवर लिहून भाच्याच्या हातात दिलं आणि बजावलं, "मोठी हाय का ते नंतर बघा. जुनीच्या चालीची हाय का ते आधी बघा. एक बैल तरणा अन् एक म्हातारा जुपला तर कुळव सरळ चालंल व्हय?" भाच्यानं मान डोलावली आणि मुंबईहून आणायची ती दुसरीच आणली. दुकानदारानं तेवढ्याच पैशात दुप्पट मोठी दिली म्हणून स्वारी फुशारत होती.

आली ती नेमकी खंडेनवमीला. मग काय विचारता! आमच्याकडे त्या दिवशी मागापासून मापापर्यंत सगळ्याची पूजा होते, ही तर नवी मेमरी. अण्णांनी ती उघडीच पाटावर मांडली. अण्णांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, एकेका सोनेरी दाताला ओल्या हळदीकुंकवाचं बोट लावलं, फुलानं पाणी शिंपडलं. सर वर्गावरून धावत आले तोवर आरती चालू झाली होती. संध्याकाळपर्यंत ते एकेक दात पुसत बसले. एकदासुद्धा चिडले नाहीत, मीच चिडले.

त्याच आठवड्यात सरांना बंगळूरच्या कारखान्याचं पत्र आलं. अशीच यंत्रं बनवायचं काम. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. पत्र त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं. आणि घोडं पेंड खात होतं ते इथंच. आमच्या संस्थेत माणूस रुजू झाला की त्याची मूळ प्रमाणपत्रं 'सांभाळायला' म्हणून लोखंडी कपाटात जायची. किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये, पण अण्णांच्या चिठ्ठीशिवाय कपाट उघडायचं नाही असा दंडक. सर चिठ्ठी मागायला गेले तर अण्णा म्हणाले, "मास्तर, आधी यंत्र चालू करून दाखवा, मग खुशाल जा."

पुसून चालू झालंही. पण सकाळी शहाण्यासारखं वागणारं ते यंत्र दुपारी बारानंतर बरळायला लागायचं. मुलांच्या नावांची नुसती खिचडी. ऑक्टोबरचं ऊन आणि ती बंद खोली! सरांनी ओळखलं, नवी मेमरी चालीला हळू आहे, तापली की आणखी मागं पडते. मी म्हटलं, "सर, अण्णांना सकाळी आठला दाखवा, कागद घ्या आणि नऊच्या एस.टी.त बसा. बारा वाजता तुम्ही कुठं आणि हे पेटारं कुठं!" ते हसले नुसते.

अण्णा सकाळीच आले. सगळे वर्ग झरझर दिसले. अण्णा एवढे खूश की चिठ्ठी लिहायला त्यांनी माझ्याकडेच कागद मागितला. मी दिलासुद्धा. आणि हा माणूस म्हणतो काय, "अण्णा, बारापतूर बसा. अजून खरं न्हाय." मला तर कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं! साडेबाराला पडद्यावर खिचडी शिजली. अण्णांनी कोरा कागद घडी करून खिशात घातला.

मग सरांनी माझ्या आईची तापातली बर्फाची पिशवी मागून घेतली. सोडावॉटरच्या दुकानातून बर्फ आणला. पिशवी कोरडी पुसायची आणि मेमरीवरच्या एकेका काळ्या तुकड्याला क्षणभर टेकवायची. ज्याला गारवा मिळाल्यावर यंत्र शुद्धीवर येईल तो आजारी. असे चार सापडले. योग्य चालीचे बदली तुकडे मुंबईहून यायला दिवाळी उलटली. तो सोमवारही गेला. त्या दिवशी सर दिवसभर आतच होते आणि एकदाही ठोका आला नाही. शेवटी मीच कडी काढली. खुर्चीत नुसते बसले होते, यंत्र बंद होतं.

पुढं यंत्र भर उन्हातही बिनचूक चाललं. अण्णांनी सरांना शाल घातली आणि म्हणाले, "आता तर तुम्हाला कसं सोडायचं मास्तर? हे दुसऱ्या कुणाला कळणार?" म्हणजे बिघडलं तरी सुटका नाही, सुधारलं तरी नाही. दुसरं यंत्र आलं, तिसरं आलं, अण्णाही गेले. सर त्याच खोलीत राहिले.

ते निवृत्त झाले तेव्हा मी हेडक्लार्क होते. कपाटातून त्यांचा लिफाफा मीच काढला. टाचणीचा गंज पदवीच्या कागदावर उतरला होता. सरांनी खिशातून खोडरबर काढून तो डाग घासला. थोडा फिकट झाला, गेला नाही. मला राहवेना. म्हटलं, "सर, तेव्हाही किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये होती. मिनिटाचं काम होतं. मी भ्याले."

"मला म्हाईत होतं की," सर कागद परत लिफाफ्यात घालत म्हणाले. "म्हणून तर मागितली न्हाय. मागितली असती तर तुमी दिली असती. मग तुमची नोकरी ऱ्हायली असती व्हय?"

लिफाफा काखेत मारून ते निघाले. ऑफिसचं दार नुसतं लोटलेलं होतं. तरी त्यापाशी थांबून त्यांनी सवयीनं दोन ठोके मारले, आणि मी उठले.