नाकवाले मेस्त्री

गाडी तिसऱ्यांदा परत आली तेव्हा मेस्त्री स्टुलावर बसून पाने पुसत होते. उठायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं. हल्ली गॅरेजचं शटर वर करतानाच निम्मा दिवस संपल्यासारखा वाटायचा.

गाडी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंची. जुनी, कार्ब्युरेटरवाली, आणि बाईंइतकीच सोशिक. पण आता दोघींचाही धीर सुटला होता.

"मेस्त्री, सिग्नलला थांबली की थडथडते आणि बंद पडते. शिकणाऱ्यांना वाटतं त्यांचंच चुकलं. काल एक बिचारी रडायलाच लागली! आज जमलं नाही तर कॉम्प्युटरवाल्या गॅरेजात नेते. राग मानू नका."

राग कसला मानणार? मेस्त्री पाना खाली ठेवून उठले.

सगळा भाग त्यांना 'नाकवाले मेस्त्री' म्हणायचा. इंजिनाला पेट्रोल आणि हवा प्रमाणात मिसळून लागते. प्रमाण बिघडलं की ते अडखळतं. बाकीचे प्लग खोलून बघायचे. हे मात्र सायलेन्सरमागे उकिडवे बसून धूर हुंगायचे आणि सांगून मोकळे व्हायचे, पेट्रोल जास्त की हवा जास्त. प्लग खोलणं म्हणजे त्यांच्या लेखी कॉपी करून पास होणं. या तोऱ्यानेच घात केला.

मागच्या दोन्ही खेपांना त्यांनी धूर हुंगला होता. पेट्रोलचा वास नाही, म्हणजे पेट्रोल कमी, असं म्हणून स्क्रू फिरवून ते वाढवलं होतं. आजही ते बसले. गुडघे कुरकुरले. वास नाही. स्क्रू आणखी जरासा फिरवला, तर इंजिन बरं व्हायचं सोडून गचके देत बंदच पडलं.

तेवढ्यात त्यांची बायको डबा घेऊन आली आणि दारातच नाकाला पदर लावून थबकली.

"अगं बाई! पेट्रोल सांडलंय की काय? डोळे चुरचुरायला लागले."

"बघा ना," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून वासाने डोकं उठतंय. पण म्हटलं, मेस्त्रींना आपण काय वासाचं सांगायचं!"

नवशिक्यासारखा मेस्त्रींनी प्लग खोलला. काजळीने काळाकुट्ट, शिवाय पेट्रोलने ओला. पेट्रोल कमी नव्हतंच, उलट जास्त होतं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी सुई झिजली होती, आणि पोट फुगलेल्याला मेस्त्री आणखी वाढत बसले होते. त्यांनी प्लग नाकाशी धरला. काहीच नाही.

बाई फोनवर बोलत बाहेर गेल्या. मेस्त्रींनी प्लग पुसून परत लावला, नवी सुई बसवली आणि स्क्रूवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"मला वास येत नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे," बायको म्हणाली. "मागे दूध उतू जाऊन करपलं, तेव्हा तुम्ही शेजारीच पेपर वाचत बसला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

मेस्त्रींना एकदम रडू आल्यासारखं झालं. "ज्याच्यावर पोट भरलं तेच गेलं. आता बंद करू का हे सगळं?"

तिने पदर खोचला आणि सायलेन्सरमागे उकिडवी बसली. जन्मभर नवऱ्याचे कपडे नाक मुरडत वेगळ्या बादलीत भिजवणारी ती बायको. "चालू करा. फिरवा तुमचा स्क्रू. सांगते मी."

ते फिरवत गेले. "आहे... अजून आहे... कमी झाला... बास, आता नाही!" इंजिन एका लयीत चालू लागलं.

बाई आत आल्या. "काय होतं हो?"

"सुई झिजली होती," मेस्त्री म्हणाले. एवढ्यावर थांबता आलं असतं. "आणि माझं नाक गेलंय. पुढच्या वेळी वास आला, तर आधी मला सांगा."

बाईंनी गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाल्या, "सांगेन. ऑइल बदलायला आणतेच आहे."

गाडी गेल्यावर दोघं डबा उघडून बसले. पहिला घास घेऊन मेस्त्री रोजच्यासारखं म्हणाले, "छान झालीय भाजी."

"करपलीय," बायको म्हणाली. "आता माझ्याशी तरी खोटं बोलू नका."

मेस्त्री खाली मान घालून चावत राहिले. मग हळूच म्हणाले, "कशी लागतेय, सांग ना."